जुन्या संगणकाच्या आठवणी आणि मराठी दस्तऐवज : राजूर परिसराच्या निमित्ताने

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भोकरदन तालुक्यात, राजूर हे गाव आहे. अकोले तालुक्यातील किंवा वणीजवळील राजूर ते हे नव्हे. राजुरेश्वर गणपतीमुळे ह्या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले असून गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना केली जाते. गणेशपुराणातील वरेण्य राजाची कथाही परंपरेने ह्याच स्थानाशी जोडलेली आहे. अशा क्षेत्राचा इतिहास म्हटला म्हणजे अभ्यासकाचे लक्ष मंदिराकडे, यात्रेकडे, फार तर भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन येथील उत्खननाकडे वळावे हे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून पुष्कळच अर्वाचीन आहे. तो इतका जवळचा आहे की त्यास इतिहासाचा विषय म्हणावयास काही वाचकांस संकोच वाटेल. गेल्या शतकाची अखेरची दहा आणि चालू शतकाची पहिली दहा वर्षे, ह्या वीस वर्षांत संगणक आणि इंटरनेट ह्यांचा आपल्या समाजात प्रवेश झाला. त्या काळाविषयी आज मोठ्या हौसेने आठवणी सांगितल्या जातात. ह्या आठवणींचे इतिहाससाधन म्हणून मोल काय आणि राजूरसारख्या गावाच्या बाबतीत त्या कोठे अपुऱ्या पडतात, हे पाहावयाचे आहे.

जुन्या संगणकाविषयीच्या आठवणींचा एक साचा ठरून गेला आहे. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होताना मोडेम नावाच्या पेटीतून निघणारा कर्कश आवाज. जोडणी चालू असेतो घरचा फोन अडकून पडणे आणि त्यावरून वडीलधाऱ्यांची बोलणी खाणे. चौकोनी फ्लॉपी खिशात घालून मित्राकडे जाणे. एखादे चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उमटताना पाहत बसणे. तासाच्या हिशेबाने पैसे देऊन सायबर कॅफेत घालविलेली संध्याकाळ. ह्या आठवणी खोट्या नाहीत. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा प्रथम खुली केली ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या महानगरांत. त्यावेळच्या साध्या जोडणीचा वेग सेकंदास ९.६ किलोबिट एवढा होता. ह्या वेगाचा अर्थ आजच्या विद्यार्थ्यास सहज उमगणार नाही म्हणून थोडे गणित मांडतो. १.४४ मेगाबाइटांच्या एका फ्लॉपीत मावणारा मजकूर त्या तारेवरून आणावयाचा तर, मधे एकदाही खंड पडला नाही असे धरले तरी, साडेवीस मिनिटे लागत. आणि खंड तर पडेच. मंदपणाची आठवण एवढी तीव्र का राहिली ह्याचे कारण ह्या आकड्यात आहे.

सर्वसामान्यांच्या ह्या आरंभामागे विद्वज्जनांचा एक आरंभ होता हेही ध्यानात घ्यावयास हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निर्वात नलिकांवर चालणारा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ ह्या शैक्षणिक जाळ्याच्या कार्यास प्रारंभ झाला. भारताच्या पत्त्यांअखेर येणारे ‘इन’ हे पद १९८९ मध्ये नोंदले गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्याची देखरेख मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. पुण्यास १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. ही कथा अनेकांनी सांगितली आहे. तिच्या तपशिलात शिरत नाही. येथे एवढेच पाहावयाचे की ह्या सर्व घटनांची स्थळे मुंबई आणि पुणे ही आहेत, आणि स्मरणरंजन करणारा लेखकही बहुधा ह्याच शहरांतला किंवा येथून परदेशी गेलेला असतो.

परदेशस्थ मराठी माणसांचा ह्या आठवणींत मोठा वाटा आहे. इंटरनेटवरील आरंभीची मराठी भाषा रोमन लिपीत लिहिली गेली. अविनाश चोपडे ह्यांनी १९९१ च्या सुमारास ‘आयट्रान्स’ ही पद्धती रचली, तिच्यायोगे रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर देवनागरीत छापता येऊ लागला. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये निघाले. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसास आपल्या भाषेतील चार ओळी पडद्यावर दिसणे ही केवढी अपूर्वाई वाटली असेल, ह्याची कल्पना करता येते. ह्या मंडळींनी यंत्र स्वतःच्या हाताळणीत वापरले. त्यांच्या आठवणी यंत्राच्या आठवणी आहेत.

राजूर परिसराकडे वळलो म्हणजे चित्र पालटते. येथे इंटरनेटच्या आधी यावयाचा होता तो टेलिफोन. सी-डॉट ह्या संस्थेने १२८ जोडण्यांची, वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजे तयार केली. १९८६ पासून ती देशाच्या खेड्यापाड्यांत बसू लागल्यानंतरच तालुक्याखालच्या गावांतून एसटीडीच्या पिवळ्या पाट्या दिसू लागल्या. त्या बूथचाच मालक पुढे झेरॉक्सचे यंत्र घेई आणि त्याच्याही पुढे संगणक घेऊन ‘डीटीपी’ हे तीन अक्षरी नाव पाटीवर रंगवी. दुसरीकडे टंकलेखनाचे वर्ग चालविणाऱ्यांनी टाइपरायटरांच्या ओळीशेजारी एक-दोन संगणक मांडले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने ह्या वर्गांना नवा जन्म दिला. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर, ज्याने घरी कधी संगणक पाहिला नव्हता असा शेतकऱ्याचा मुलगा तालुक्याच्या गावी जाऊन माउस हाती धरू लागला. वारणानगर परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा १९९८ चा प्रयोग देशभर गाजला, परंतु त्यामागे साखर कारखान्याचे आणि सहकाराचे बळ होते. कोरडवाहू मराठवाड्यात तसे बळ नव्हते. येथे वीजच बेभरवशाची. दोन हजार पाचच्या पुढेमागे ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन दिवसाच्या निम्म्या वेळेपर्यंत पोहोचले होते, आणि अर्धे टंकलेखन झाले असता वीज गेली म्हणजे न जतन केलेला मजकूर नाहीसा होई. लग्नपत्रिका दुसऱ्यांदा जुळविणे हा ह्या धंद्याचा नित्याचा भाग होता.

म्हणून राजूरच्या माणसाची संगणकाविषयीची आठवण ही बहुधा काउंटरच्या अलीकडून झालेली आठवण आहे. यंत्र पलीकडे, दुसऱ्याच्या हाती. आपण उभे राहून नाव, गट क्रमांक, वडिलांचे नाव सांगावयाचे, पलीकडच्याने ते कळफलकावर बडवावयाचे, आणि मग ठिपक्यांच्या मुद्रकातून करकर आवाज करीत कागद बाहेर यावयाचा. ह्या माणसास मोडेमचा आवाज आठवणार नाही. त्यास मुद्रकाचा आवाज आठवेल, रांग आठवेल, आणि आपले आडनाव चुकीचे छापले गेल्यावर पुन्हा घातलेला हेलपाटा आठवेल. शहरातील स्मरणरंजन आणि ही आठवण ह्यांत केवळ कमीअधिकपणाचा फरक नाही. एकीत यंत्र हा नायक आहे, दुसरीत कागद. जुन्या संगणकाचा इतिहास पहिल्या प्रकारच्या आठवणींवरूनच लिहावयाचा असे ठरविले तर त्यात राजूर येणारच नाही. आणि त्यात गैर काय घडले हेही कोणाच्या लक्षात येणार नाही.

कागद हा नायक म्हटल्यावर तो कसा सिद्ध होत असे ह्याची चौकशी करणे प्राप्त होते. मुद्रणशास्त्राची थोडी माहिती येथे द्यावी लागेल, आणि ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने कंटाळा न करता समजून घ्यावी अशी विनंती आहे.

संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास आकडा ठाऊक असतो. कोणत्या आकड्यास कोणते अक्षर समजावयाचे हा करार. इंग्रजीचा करार फार आधी झाला. भारतीय लिप्यांसाठी असा करार करण्याचे प्रयत्न आयआयटी कानपूर येथे सुरू झाले. तेथील मंडळींनी देवनागरीत चालणारे संगणकयंत्र १९८३ च्या विश्व हिंदी संमेलनात दिल्लीस मांडले. त्या कामातील मोहन तांबे १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ ह्या नावाने ते तंत्र पुढे वाढले. संगणकाच्या पोटात एक जिस्ट कार्ड बसविले म्हणजे इंग्रजीसाठी रचलेली त्या वेळची सॉफ्टवेअरेही देवनागरीत चालू लागत. त्यामागचा ‘इस्की’ नावाचा करार १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्यात मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविला जाई : ‘कि’ लिहावयाचे तर आधी ‘क’ आणि मागून ऱ्हस्व इकार, मग पडद्यावर तो इकार अक्षराच्या डावीकडे दिसो. पुढे जगन्मान्य झालेल्या युनिकोडमधील देवनागरीचा पायाही १९८८ चा इस्कीच आहे.

हा मार्ग शास्त्रशुद्ध होता. पण बाजारात जिंकला दुसराच. विंडोजचा प्रसार झाल्यावर पुष्कळांनी सोपी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रे बसविली, म्हणजेच फॉन्ट तयार केला. ह्या पद्धतीच्या ‘कृतिदेव’ फॉन्टाचे उदाहरण घेऊ. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला म्हणजे संगणकाच्या स्मृतीत प्रत्यक्षात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे साठविली जातात. ‘म’ म्हणजे ई, ‘र’ म्हणजे जे, काना म्हणजे के, ‘ठ’ म्हणजे मोठा बी, दीर्घ वेलांटी म्हणजे एच. फॉन्ट जागेवर आहे तोवर पडद्यावर ‘मराठी’ दिसते. फॉन्ट काढून घेतला की उरतात ती पाच निरर्थक इंग्रजी अक्षरे. पुन्हा प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी. श्रीलिपीची निराळी, आकृतीची निराळी, सी-डॅकच्या फॉन्टांची निराळी, ‘शिवाजी’ नावाच्या लोकप्रिय फॉन्टाची आणखी निराळी. एका दुकानातील मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला तर तो वाचता येईलच असे नाही. वृत्तपत्रांची संकेतस्थळे निघाली तेव्हा प्रत्येक पत्र वाचण्यापूर्वी त्या त्या पत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, ही गोष्ट त्या काळच्या वाचकांच्या स्मरणात असेल.

ह्या पद्धतीस अडाणीपणा म्हणून नावे ठेवण्याची रीत पडली आहे. ती अन्यायाची आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षा देऊन मिनिटास तीस किंवा चाळीस शब्दांचा वेग कमावलेले सहस्रावधी तरुण-तरुणी जिल्ह्याजिल्ह्यांत होते. त्यांची बोटे रेमिंग्टनच्या कळफलकावर बसलेली होती. फॉन्टाच्या पद्धतीत तोच कळफलक जवळजवळ जसाच्या तसा राहिला. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारावयाची आणि अक्षर नंतर. रफार मात्र अक्षरानंतर. फॉन्टातही तसेच. इस्कीसाठी रचलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक अधिक तर्कशुद्ध खरा, पण तो पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागे, आणि तालुक्याच्या गावी तो शिकविणार कोण? भाकरीचा प्रश्न असलेल्या माणसाने हाती असलेली विद्या टाकून देण्यास नकार दिला, एवढाच ह्या घटनेचा अर्थ आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात जे श्रेष्ठ ते टिकले नाही, जे हाताला सवयीचे ते टिकले, असे अन्यत्रही घडले आहे. येथे त्याची किंमत भाषेने दिली.

ती किंमत कशी, ते मराठीपुरते पाहू. पुष्कळ फॉन्ट मुळात हिंदीसाठी रचलेले. हिंदीस ‘ळ’ क्वचितच लागतो आणि ‘वाऱ्यावर’ ह्यातील अर्धचंद्राकृती ‘र’ तर लागतच नाही. मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ह्यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोरी. ज्या फॉन्टात हा ‘र’ नव्हता, तेथे टंकलेखक सरळ रफार देऊन मोकळा होई. इंग्रजी ‘ॲ’ ह्या उच्चारासाठीचे स्वतंत्र अक्षर तर युनिकोडमध्येदेखील २००८ मध्ये आले. तोवर ‘अ’वर चंद्र द्यावयाचा की ‘ए’वर, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला होता.

ह्या दोषांचा इतिहासकारास उलट उपयोग आहे, आणि तिकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. जुन्या कागदाचा काळ ठरविताना आपण कागदाचा जलचिन्हांकित छाप पाहतो, शाई पाहतो, वळण पाहतो. त्याच न्यायाने संगणकावर छापलेल्या तारीखविरहित कागदाचा काळ अक्षरावरून अदमासता येईल. अर्धचंद्राकृती ‘र’ सर्वत्र गाळला असेल तर हिंदी वळणाचा फॉन्ट समजावा. ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. त्यात ‘ल’ आणि ‘श’ ह्यांची रूपे हिंदी धर्तीची आहेत. तेव्हा त्या अक्षरातील कागद २००० च्या आधीचा असू शकत नाही. रुपयाचे नवे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मान्य झाले. ते ज्या पावतीवर छापलेले आहे ती पावती त्यापूर्वीची नव्हे. खोटे दस्तऐवज ओळखण्यासही ही विद्या उपयोगी पडेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी मोडीच्या वळणांचा अभ्यास करतात, त्याच निष्ठेने कोणी फॉन्टांच्या वळणांचा कोश केल्यास त्याचे श्रम वाया जाणार नाहीत.

आता ह्या प्रश्नाची निकड कोठे आहे ते सांगतो. शेतकऱ्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सातबारा. मराठवाड्यात ह्या कागदाच्या मागे पूर्वजांची एक मोठी रांग उभी आहे. निजामी राजवटीत वरच्या कचेऱ्यांची भाषा आधी फारसी व पुढे उर्दू होती; गावपातळीवरील मराठी लेखन पुष्कळसे मोडीत चाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५४ च्या सुमारास खासरा पाहणीपत्रके तयार झाली, ती आजही जमिनीच्या वादांत पुढे येतात. मग हस्तलिखित सातबारा, आणि त्यानंतर संगणकीकृत सातबारा. प्रत्येक पायरीवर एक लिपी, एक भाषा किंवा एक यंत्र बदलले, आणि प्रत्येक वेळी कोणी एका माणसाने जुने वाचून नवे लिहिले. ह्या उताऱ्यांत चुका राहिल्या नसत्या तरच नवल. हस्तलिखित व संगणकीकृत उताऱ्यांतील तफावत दूर करण्यासाठी शासनास २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचन करावे लागले. संगणकातील सातबारा गावच्या चावडीवर मोठ्याने वाचावयाचा आणि खातेदारांनी आपले नाव, क्षेत्र, वारस बरोबर आहेत की नाहीत ते सांगावयाचे, अशी ती योजना. त्यानंतर १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. अर्वाचीनातील अर्वाचीन यंत्राने लिहिलेला मजकूर खरा की खोटा, हे ठरविण्यास अखेर चावडी आणि माणसाचा कान लागला! ह्या प्रसंगाची गावोगावची हकीगत, विशेषतः कोणत्या प्रकारच्या चुका निघाल्या त्यांची नोंद, साक्षीदार हयात आहेत तोवर करून ठेवली पाहिजे.

जालना जिल्ह्यास तर ह्या विषयाचे महत्त्व पटवून देण्याची गरज पडू नये. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन दस्तऐवजांतील कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले. त्या मागणीच्या गुणदोषांचा विचार करण्याचे हे स्थळ नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावयाचे ते इतकेच की कचेरीकचेरीतून धुळीत पडलेली बाडे अकस्मात बाहेर आली, आणि मोडी व उर्दू वाचू शकणारी माणसे शोधण्याची वेळ आली. ज्या विद्या निरुपयोगी म्हणून दोन पिढ्यांपूर्वी टाकून दिल्या होत्या, त्यांच्यावर हजारो कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहिली. कागद कोणत्या दिवशी कोणास लागेल हे तो कागद लिहिणाऱ्यास कधीच सांगता येत नाही.

१९९० ते २०१० ह्या वीस वर्षांतील फॉन्टबद्ध मराठी ही आपली दुसरी मोडी होय, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. ती उपमा अर्धीच खरी आहे. मोडीचे वळण माणसागणिक बदलते, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात. ती वाचावयास वर्षानुवर्षांची साधना लागते. फॉन्टाचे तसे नाही. कोणत्या आकड्यास कोणते चित्र, हे कोष्टक एकदा हाती आले की सहस्र पृष्ठे यंत्राकडूनच युनिकोडमध्ये उतरविता येतात. तेथे इकार उचलून अक्षराच्या मागे न्यावा लागतो आणि रफार उचलून पुढे आणावा लागतो, एवढीच काय ती कसरत. अशी रूपांतर-साधने प्रचलित फॉन्टांसाठी तयारही झालेली आहेत. बुद्धीच्या दृष्टीने प्रश्न मोडीहून सोपा आहे.

परंतु मोडीचा कागद दोनशे वर्षे माळ्यावर पडून राहतो आणि तरी डोळ्यांस दिसतो. फ्लॉपी वीस वर्षांत दगा देते. तिचा चुंबकीय थर दमट हवेने व बुरशीने खराब होतो. तो शाबूत राहिला तरी ती वाचणारे यंत्र आता दुकानात मिळत नाही. सोनी कंपनीने फ्लॉपीचे उत्पादन २०११ मध्ये थांबविले. घरी तयार केलेल्या तबकड्यांचेही आयुष्य फार नाही. कै. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, ती वाड्यावाड्यांतून फिरून, रद्दीत जाऊ पाहणारी दप्तरे मिळवून. दप्तर रद्दीत गेले तर ते वाण्याच्या दुकानात पुडीच्या रूपाने तरी काही दिवस दिसे. जुना संगणक भंगारात गेला म्हणजे त्यातील तबकडीचे पत्रे व तांबे तेवढे उरतात. इंटरनेटवरील लेखनाची गत ह्याहून बरी नाही. असंख्य हौशी लोकांनी ज्या ‘जिओसिटीज’वर आपली पाने मांडली होती, ती सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. १९९६ पासून कार्य करणाऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने वाचविता आले तेवढे वाचविले, परंतु त्यात जतन झालेले फॉन्टबद्ध मराठी पान आज उघडले असता मूळ फॉन्टाविना इंग्रजी अक्षरांची खिचडीच समोर येते.

कोणी म्हणेल, मजकूर छापून झाला की मूळ फाइल हवी कशाला? ह्यास उत्तर आहे. छापील कागद एकाला मिळाला. दुकानदाराच्या संगणकात मात्र शंभरांचे साचे एकत्र राहिले. राजूरसारख्या क्षेत्राच्या बाजारपेठेत अशा एका दुकानाच्या संगणकात काय असेल ते पाहा : चतुर्थीच्या सप्ताहाच्या पत्रिका, दिंड्यांचे कार्यक्रम, देणगीदारांच्या याद्या, ग्रामपंचायतीचे ठराव, निवडणुकीची पत्रके, दुष्काळाच्या वर्षी तहसीलदारास दिलेले अर्ज, लग्नपत्रिकांतून उघड होणारी सोयरिकींची जाळी. गावाच्या वीस वर्षांच्या सामाजिक इतिहासाचे इतके साहित्य एके ठिकाणी अन्यत्र सापडावयाचे नाही. आणि जागा किती लागली असेल? फॉन्टबद्ध लेखनात एका अक्षरचिन्हास एकच बाइट लागतो, त्यामुळे एका फ्लॉपीत साधारण चौदा लाख चिन्हे मावतात. ग्रामपंचायतीची कित्येक वर्षांची इतिवृत्ते एका फ्लॉपीत आरामात बसतील.

विभागाच्या विद्यार्थ्यांनी ह्या परिसरात काम करावयाचे ठरविल्यास दोन गोष्टींविषयी सावध असावे. पहिली ही की अशा फाइलींत जातीचे दाखले, दवाखान्याचे कागद, भाऊबंदकीचे अर्ज असे खासगी साहित्य भरलेले असते. दुकानदाराची परवानगी म्हणजे ज्यांचे कागद आहेत त्यांची परवानगी नव्हे. राजवाड्यांच्या काळी दप्तरातील माणसे मरून शंभर वर्षे झाली होती. येथे ती रोज बाजारात भेटतात. प्रकाशनाची घाई न करता आधी जतन, मग यादी, आणि नावे झाकून अभ्यास, हा क्रम राखावा. दुसरी गोष्ट मुलाखतींविषयी. ‘तुम्ही पहिल्यांदा संगणक केव्हा वापरला?’ हा शहरी प्रश्न येथे विचारू नये. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे येईल आणि संभाषण तेथेच संपेल. ‘तुमचा पहिला छापील सातबारा कोणी काढून दिला? त्यात नाव बरोबर होते काय? नसल्यास दुरुस्त करावयास कोठे गेलात?’ असे विचारावे. टंकलेखनाचे वर्ग चालविलेल्या व डीटीपीवर बसलेल्या व्यक्ती, त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय असावी, ह्या तर ह्या इतिहासाच्या खऱ्या लेखनिक आहेत. जुन्या कारकुनांप्रमाणेच त्यांचीही नावे कागदावर कोठे नसतात.

फ्लॉपी सापडली तर तिच्यावरील चिकटपट्टीचेही छायाचित्र घ्यावे. तीवर बहुधा पेनने, हाताने, मराठीत काही लिहिलेले असते. गावाचे नाव, वर्ष, कधी नुसते ‘जुने काम’. आतील मजकूर उघडला नाही तरी तेवढे वाचता येते. दुकाने एकामागून एक मोबाइल दुरुस्तीकडे वळत आहेत आणि जुने खोके माळ्यावर सरकत आहेत. राजूरच्या बाजारपेठेत कोणा दुकानदाराच्या माळ्यावर असा खोका असेल, तर तो पुढील पावसाळ्याच्या आधी खाली उतरविला गेला पाहिजे.